गढीतील वटवाघळे कोणती?

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या गढीच्या तळघरात पुष्कळ वटवाघळे राहतात. त्यांची शेपटी बाहेर लोंबते आणि दोन्ही कान कपाळावर जोडलेले दिसतात. बेळगावकडच्या गुहेतील अतिदुर्मीळ वटवाघूळ ते हेच का? गढी पाडण्याचे घाटत आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : आपण टिपलेल्या दोन्ही खुणा बरोबर आहेत, परंतु त्या दोन्ही खुणा दोन वेगळ्या जातींत सारख्याच आढळतात. आपण म्हणता ते बेळगावकडचे वटवाघूळ म्हणजे रॉटनचे मुक्तपुच्छ (मोकळ्या शेपटीचे) वटवाघूळ. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील नमुन्यांवरून. आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचे हे एकच ठिकाण ठाऊक होते. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

ते ओळखावे मानेवरून. अंगावरची लव गडद चॉकलेटी आणि चकचकीत असते, मात्र मानेमागे व खांद्यांवर फिकट करडा पट्टा उठून दिसतो. कान मोठे, पुढे झुकून थेट मुस्कटाच्याही पुढे आलेले असतात. शेपटी जाडसर असून तिचा साधारण निम्मा भाग मागच्या पायांमधील कातडी पडद्याबाहेर मोकळा असतो.

आपल्या गढीतील वटवाघळे बहुधा उंदीरशेपटी जातीची असावीत. त्यांची शेपटी सुतळीसारखी बारीक आणि जवळजवळ धडाइतकी लांब असते, रंग फिकट राखाडी-तपकिरी असतो आणि नाकाच्या टोकावर मांसल उंचवटा दिसतो. बारापेडेची गुहा पश्चिम घाटाच्या दाट, पावसाळी रानात आहे. उंदीरशेपटी जातीला मात्र तापीकाठासारखा कोरडा मुलूख, पडके वाडे आणि किल्ल्यांची भुयारे मानवतात. हिवाळ्यापूर्वी ती शेपटीच्या मुळाशी व ओटीपोटात चरबी साठवते आणि अन्न कमी असलेले दिवस त्यावर काढते.

जात दुर्मीळ नाही म्हणून तिचा निवारा मोडावा, असे मात्र मुळीच नाही, कारण एवढी मोठी वसाहत हलवली तर तिला जवळपास तशीच अंधारी, निवांत जागा मिळेलच असे नाही. गढी पाडण्यापूर्वी वनविभागाला लेखी कळवावे, आणि पिले अंगावर असताना तळघराला हात लावू देऊ नये; धूर तर कधीच करू नये. खात्रीसाठी शेपटी आणि मान स्पष्ट दिसेल असे छायाचित्र दारातूनच घ्यावे. आत जावेच लागले तर विष्ठेच्या धुळीपासून जपण्यासाठी नाकातोंडावर मास्क बांधावा.