सर्कल गोल हवं, अंडं नको
अगं तुझा घोड्यावरून 20 मीटरचं सर्कल मारतानाचा व्हिडिओ बघितला, सर्कल कसलं, अंडं झालंय ते. सगळ्यांचं होतं, टेन्शन नको घेऊ. 20 बाय 40 मीटरच्या अरिनात, म्हणजे घोडा फिरवायच्या रिंगणात, मधल्या लांब रेषेवर ए पासून (आखूड बाजूच्या मधोमधची खूण) 10 मीटर आत खुंटी ठोक, 10 मीटरची दोरी फिरव आणि फक्कीने चार पॉइंट मार, एक ए वर, एक एक्स वर म्हणजे अरिनाच्या मध्यावर, दोन कडेला. कोपऱ्यात घुसायचंच नाही, तिथेच तुझं बिघडतंय. आणि आतला लगाम ओढत बसू नको गं, घोड्याची मान वळते पण खांदा बाहेर पळतो, आतली पोटरी तंगाजवळ (खोगिराचा पोटाखालचा पट्टा), बाहेरचा लगाम धरलेला, नजर पुढच्या फक्कीवर. मी वर्षभर नुसते घोड्याचे कानच बघायचो. नाशकात पावसात काळी माती निसरडी होते, तेव्हा ट्रॉट म्हणजे दुडकी नको, वॉकच म्हणजे साधी चाल कर.