भंगलेला खडक वायू कसा धरून ठेवतो?

प्रश्न : प्रस्तरभंग म्हणजे खडकाला गेलेली भेगच ना? फुटक्या मडक्यात पाणी ठरत नाही. मग भंगलेल्या वालुकाश्मात नैसर्गिक वायू लाखो वर्षं कसा टिकतो? आणि भंग पुन्हा हलला तर?

उत्तर : भूविज्ञान शिकायला लागलो तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर अशीच उभी, रिकामी भेग होती. एका दरडीसमोर उभा राहिलो आणि ते चित्र पुसलं गेलं. वालुकाश्मातून प्रस्तरभंग गेला होता, पण पोकळी कुठेच नव्हती. होता तो तळहाताएवढा रुंद काळपट पट्टा. ओलं बोट फिरवलं, तर साबणासारखी गुळगुळीत चिकणमाती बोटाला लागली. शेजारच्या वालुकाश्मावर पाण्याचा थेंब टाकला, तो बघता बघता मुरला. पट्ट्यावरचा मात्र तसाच बसून राहिला.

हजारो मीटर खोलीवर वरच्या खडकांचं ओझं एवढं असतं की रिकामी भेग सहसा टिकत नाही. भंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकताना वाळूच्या थरांमधल्या शेलची, म्हणजे चिकणमाती घट्ट होऊन बनलेल्या खडकाची, माती ओढली जाते आणि भंगाच्या पृष्ठावर लिंपली जाते. शेल नसेल तिथे वाळूचेच कण भरडून त्यांचं पीठ होतं, पण मातीच्या लेपाइतकं ते भरवशाचं नसतं.

हा लेप वायू अडवतो तो त्यातल्या पाण्याच्या जोरावर. खडकाच्या छिद्रांत आधीपासून खारं पाणी असतं. वालुकाश्माची छिद्रं मोठी, तिथलं पाणी वायू सहज बाजूला सारतो. मातीची छिद्रं इतकी बारीक की केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात त्या ओढीमुळे, पाणी जागचं हलत नाही. वायू हलका असल्यामुळे वर रेटत राहतो. १०० मीटर उंचीच्या वायूच्या साठ्याचा माथ्याशी हा रेटा साधारण ८ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास आठपट, भरतो. लेपाला तो सोसेनासा झाला की गळती लागते. म्हणून भंग ‘बंद’ आहे असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, किती उंचीच्या साठ्यासाठी?

भंगापलीकडे समोर कोणता थर आला, हेही तितकंच महत्त्वाचं. ५० मीटर जाडीचा वालुकाश्म एका बाजूला ८० मीटर खाली गेला, तर वर राहिलेल्या वालुकाश्मासमोर शेल येतो आणि वाट बंद होते. तोच ३० मीटर सरकला, तर वरचे ३० मीटर शेलला टेकतात, पण खालच्या २० मीटरांत वाळूसमोर वाळूच येते. तिथे सगळी भिस्त लेपावर. अर्थात माथ्यावर अभेद्य छत हवंच, त्याशिवाय हे सगळं व्यर्थ.

भंग हलला, तर काही काळ त्यातून वायू-पाणी वाहू शकतं. पुढे खनिजं साचून तो पुन्हा बुजतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला वेगळंच घडलं. १९५९ साली सापडलेला हा प्रचंड साठा सुमारे ३ किलोमीटर खोल वालुकाश्मात आहे, वर मिठाचे जाड थर. वायू उपसल्यावर आतला दाब उतरला, वालुकाश्म दबला, पण भंगांच्या दोन्ही बाजूंना सारखा नाही. जुने भंग सरकू लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण धक्का उथळ होता आणि अशा धक्क्यांनी त्या भागातल्या हजारो घरांच्या भिंती तडकल्या. १ ऑक्टोबर २०२३ ला तिथला नियमित उपसा थांबवण्यात आला.