युद्ध संपलेल्या देशात आधी हॉस्पिटलं बांधावीत की सुईणी तयार कराव्यात? दीड-दोन वर्षांत शिकलेल्या मुलीच्या हाती बाळंतपण सोपवणं धोक्याचं नाही का?

"दीड-दोन वर्षांत शिकलेली मुलगी" हे मी नोकरीभर ऐकलं, तेही शिकल्यासवरल्या लोकांकडून. नाशिकला एएनएमच्या (उपकेंद्रात बाळंतपणं करणाऱ्या नर्सच्या) कोर्सच्या मुलींना शिकवत होते, आता निवृत्त आहे. युद्ध काही मी पाहिलेलं नाही. पण सुरगाण्याकडे पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी गेलं की पलीकडच्या पाड्यावरच्या बाईला शहरातल्या हॉस्पिटलचा काय उपयोग, ते चांगलं ठाऊक आहे.

अफगाणिस्तानचं बघा. २००२ च्या पाहणीत लाखभर जिवंत जन्मांमागे सुमारे १६०० बायका दगावत होत्या. बदख्शानमधल्या राघ जिल्ह्यात तर ६५००! अख्ख्या देशात प्रशिक्षित सुईणी उरल्या होत्या ४६७. पुरुष डॉक्टरकडे बाई जाणार नाही, म्हणून नुसती इमारत बांधून भागणार नव्हतं. मग त्या-त्या भागातल्याच मुली घरच्यांच्या आणि गावाच्या संमतीने निवडल्या, शिकवल्या आणि आपापल्या गावी परत पाठवल्या. अभ्यासक्रम आधी दीड वर्षाचा, पुढे दोन वर्षांचा. २०२० साठीचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज ६२० चा आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत, आणि श्रेय एकट्या सुईणींचं नाही, रस्ते आणि दवाखानेही झाले. तरी दिशा कळते.

आता माझा मुद्दा. आमच्याकडे निवडीच्या वेळी एक साहेब होते. त्यांना मार्कांची यादी वरून खाली लावायची, बस्स. सुरगाण्याची एक कोकणा आदिवासी मुलगी बारावी काठावर पास झालेली, औषधांची इंग्रजी नावं अडखळत वाचायची. साहेब म्हणाले, "ही काय बाळंतपणं करणार?" मी हट्टाने घ्यायला लावली.

रक्तस्राव ओळखायला शिकवताना मी जुन्या लुगड्यांवर लाल रंगाचं पाणी मोजून ओतायचे आणि विचारायचे, किती गेलं? हुशार मुली वहीत "मध्यम" लिहायच्या. ही लुगडं उचलायची, पिळून बघायची आणि म्हणायची, "बाई, अर्ध्या लिटरच्या वर आहे." अर्धा लिटर गेलं की धावपळ सुरू करायची, हे तिच्या हातात बसलं होतं. वहीतलं "मध्यम" लेबर रूममध्ये काय कामाचं?

पुढे तिला तिच्याच तालुक्यात उपकेंद्र मिळालं. एका रात्री तिसऱ्या खेपेची बाई आली. बाळ छान रडलं, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं औषध) दिलं, वारही पूर्ण पडली, पण पिशवी मऊच. खालचं कापड भिजत चाललेलं. रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावला तर फरशी पाण्याखाली. तिने पिशवी चोळायला घेतली, कॅथेटर घालून लघवी काढली (मूत्राशय तुडुंब असेल तर पिशवी आकसतच नाही, आणि घाईत नेमकं हेच राहतं), सलाईनमधून आणखी ऑक्सिटोसिन सुरू केलं, तरी थांबेना तेव्हा एक मूठ आतून आणि एक हात पोटावरून पिशवी दाबून धरली. बाळाला आशाताईने आईच्या छातीवर धरून पाजायला लावलं. उजाडल्यावर पाणी ओसरलं आणि बाई जिवंत ग्रामीण रुग्णालयात पोचली.

साहेबांना मुद्दाम जाऊन सांगितलं. म्हणाले, "मॅडम, एका केसवरून धोरण ठरत नसतं." बरं, मग यादीतल्या वरच्या नंबरच्या शहरातल्या मुलींचं काय झालं? बऱ्याच जणींनी बदली करून घेतली, काहींनी खासगी नर्सिंग होम गाठलं. त्यांना दोष नाही, पण त्या उपकेंद्रांना कुलूप लागलं ते लागलंच. ही मुलगी अजून तिथेच आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर: आधी सुईणी. पण सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेलं एक हॉस्पिटल गाठता येईल इतक्या अंतरावर हवंच. अडलेलं मूल सुईण हाताने सोडवू शकत नाही. पगारही वेळेवर हवा. कंबोडियाने २००७ पासून आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक जिवंत जन्मामागे १५ डॉलर द्यायला सुरुवात केली, ते उगाच नाही. आणि राज्यकर्ते फिरले तर सगळं पाण्यात: डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींचं सुईणीचं शिक्षणच बंद केलं.

तुम्ही कुठल्या संस्थेसाठी विचारत असाल तर मुलाखतीत मुलीला आधी विचारा, शिकून झाल्यावर राहणार कुठे. मार्कशीट नंतर बघा. आणि तिला जिथे पाठवणार तिथे फ्रीजला वीज आहे का तेही बघा, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच टिकतं.