कुऱ्हाडे हे आडनाव तुझ्या फॉर्ममध्ये टाकून बघ

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला नोंदणीचा फॉर्म काल रात्री निवांत बघितला. मांडणी स्वच्छ आहे, मोबाइलवरही नीट बसते. पण मी मराठीत नाव टाकलं आणि खाली लाल अक्षरांत आलं, 'योग्य नाव भरा'. नाव योग्यच होतं रे. एखाद्याला त्याचं स्वतःचं नाव चुकीचं आहे असं आपल्या कोडने सांगावं, हे मला फार लागतं.

तुझ्या रेजेक्समध्ये, म्हणजे नाव तपासणाऱ्या नमुन्यात, ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. त्याऐवजी चौकटी कंसात बॅकस्लॅश पी आणि त्यापुढे महिरपी कंसात एल लिही, शेवटी यू फ्लॅग लाव. कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल. पण तेवढ्यावर थांबलास तर 'मीरा' अडकेल, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरं नसून चिन्हं आहेत. त्यांचा गट एम, अक्षरांचा एल. दोन्ही गट घे. मोकळी जागा आणि टिंबही घे.

लांबीचं तसंच. 'ज्ञानेश्वरी' आपण चार अक्षरांत म्हणतो. जावास्क्रिप्टचं लेंग्थ काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजून ११ सांगतं आणि साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे ३३ बाइट होतात. तू कार्डावर नाव स्लाइसने आठवर कापतोस, तिथे 'ज्ञानेश्' असं पाय मोडलेलं उरतं. दिसण्यापुरतंच कापायचं असेल तर ते सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोवर सोड. अक्षरं मोजायचीच असतील तर इंटल डॉट सेगमेंटर हे ब्राउझरमधलं अक्षरं सुटी करणारं साधन वापर, फक्त जुने ब्राउझर जोडाक्षर हलन्तापाशी तोडतात हे धरून चाल.

आता कुऱ्हाडे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शिबिराच्या नोंदणीचं काम केलं होतं. दारात एक बाई पैसे भरल्याची पावती घेऊन उभ्या होत्या आणि आमची यादी म्हणत होती, 'नोंद सापडली नाही'. मी पावतीवरचं आडनाव आणि सर्चमध्ये टाइप केलेलं आडनाव एकाखाली एक ठेवलं. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. शेवटी एकेका अक्षराचा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, छापला, तेव्हा उलगडलं. आपला हा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, म्हणजे ०९३१, आणि पुढे हलन्त, म्हणजे ०९४डी. दुसरीत साधा र, म्हणजे ०९३०, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक, २००डी. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलू शकते. बाईंना तोवर पाऊण तास उभं राहावं लागलं होतं. मी माफी मागितली, पण तो पाऊण तास अजून आठवतो.

नॉर्मलाइझ करून हे सुटेल असं तुला वाटेल. एनएफसीने, म्हणजे सुटी चिन्हं जुळवून एक अक्षर करणाऱ्या नॉर्मलाइझच्या प्रकाराने, साध्या र खाली वेगळा टाइप केलेला नुक्ता जुळून ऱ होतो, तेवढा फायदा आहे. म्हणून ते आधी करच. जोडकाची तऱ्हा मात्र त्याला वेगळीच वाटते. म्हणून सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एक रिप्लेस लाव: ०९३०, ०९४डी, २००डी ही तिकडी दिसली की तिथे ०९३१, ०९४डी. आणि ही बदली नावाच्या तपासणीच्या आधी होऊ दे. २००डी एल किंवा एम कुठल्याच गटात बसत नाही, त्यामुळे तपासणी आधी चालली तर आडनाव दारातच परत जाईल.

वयाच्या रकान्यात कोणी '३४' असं देवनागरीत लिहिलं तर नंबर फंक्शन नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही', असं उत्तर देतं. रकाना टेक्स्टचा ठेव, इनपुटमोड न्यूमेरिक कर, आणि प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून २४०६, म्हणजे देवनागरी शून्याचा कोड, वजा कर. शून्य ते नऊ हातात येतात. उलट दिशेने, रक्कम दाखवताना, टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन, म्हणजे भारतातली मराठी, दे. १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट मिळतं, वेगळं काही लिहावं लागत नाही.

आणि पानाच्या एचटीएमएल टॅगवर अजून लँग ईएन, म्हणजे भाषा इंग्रजी, आहे. ते एमआर कर. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो.

सोमवारी फॉर्म खुला करण्याआधी मीरा, ज्ञानेश्वरी आणि दोन्ही तऱ्हांचं कुऱ्हाडे टाकून बघ. कुठे अडलं तर रात्री दहापर्यंत फोन कर, मी जागा असतो.

तुझा,
दादा