प्रमाणपत्राआधी अहवाल

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मिस्ट्री शॉपर, म्हणजे ओळख लपवून साध्या ग्राहकासारखे दुकानात जाऊन तिथल्या सेवेचा अहवाल लिहिणारा, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पैसे भरून प्रमाणपत्र घ्यावे का, असे तू विचारले आहेस. सोबत ज्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक पाठवले आहेस, त्यात शुल्क भरताच कामाची हमी दिलेली आहे. त्या अभ्यासक्रमात एक रुपयाही घालू नकोस. या व्यवसायात शॉपरने पैसे देऊन काम मिळवायचे नसते. काम करून घेणारी कंपनी शॉपरला पैसे देते. कोणी उलट दिशेने पैसे मागू लागला, की त्याचा धंदा मिस्ट्री शॉपिंगचा नाही असे समजून बाजूला व्हावे.

मात्र सगळीच प्रमाणपत्रे खोटी असतात असेही मानू नकोस. एमएसपीए ही या क्षेत्रातील कंपन्यांची संघटना 1998 मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या अमेरिका, युरोप-आफ्रिका आणि आशिया-प्रशांत अशा प्रादेशिक शाखा आहेत आणि भारत त्यांपैकी तिसऱ्या शाखेत मोडतो. या संघटनेने शॉपरसाठी रौप्य आणि सुवर्ण अशा दोन पातळ्यांची प्रमाणपत्रे अनेक वर्षे दिली. रौप्य पातळीसाठी ऑनलाइन चाचणी असे आणि सुवर्ण पातळीसाठी अधिक सविस्तर प्रशिक्षण असे. ओळख कशी लपवावी, वस्तुनिष्ठ कसे लिहावे, कर्मचाऱ्याला मुद्दाम कोंडीत का पकडू नये आणि गोपनीयता कुठवर पाळावी, हा त्यातला मुख्य भाग. त्यात शिकण्यासारखे नक्कीच आहे. कंपन्या कामाचे वाटप ज्या सॅसीसारख्या संगणकप्रणालींवर करतात, तिथे नावनोंदणी करताना असे प्रमाणपत्र असल्यास त्याचा उल्लेख करता येतो, आणि नवख्या माणसांच्या लांब यादीतून एखाद्याला निवडताना शेड्युलरची, म्हणजे कंपनीत कामे वाटून देणाऱ्याची, नजर त्यावर पडू शकते. पण काम मिळण्यासाठी ते सक्तीचे नाही. अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन तर ग्राहकांना स्पष्ट बजावते, की मिस्ट्री शॉपर होण्यासाठी प्रमाणपत्र विकत घेण्याची किंवा कंपन्यांच्या याद्यांसाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

मग कंपनी पाहते काय? अहवाल तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून हे खात्रीने लिहीत आहे. प्रत्येक कामाआधी कंपनी सूचनापत्र पाठवते, त्यावर बहुधा छोटी चाचणी घेते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय काम देत नाही. ही चाचणी विनामूल्य असते. अहवाल आल्यावर एडिटर तो तपासतो आणि अनेक कंपन्यांत त्याला दहापैकी गुण देतो. पुढच्या वेळी काम कोणाला द्यायचे हे ठरवताना शेड्युलरसमोर हेच गुण असतात. प्रमाणपत्राच्या जोरावर पहिले काम कदाचित थोडे लवकर मिळेल, परंतु तिसऱ्या कामानंतर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

एक उदाहरण देणे इथे आवश्यक आहे. पेट्रोल पंपावरचे काम घे. सूचनापत्रात प्रश्न असतो, की पेट्रोल भरण्यापूर्वी कर्मचाऱ्याने मीटरवर शून्य दाखवले का. नवखा शॉपर लिहितो, ‘कर्मचारी निष्काळजी होता, त्याने नियम पाळला नाही.’ या वाक्याचा ही पाहणी करवून घेणाऱ्या ग्राहक कंपनीला काडीचाही उपयोग नाही, कारण उद्या पंपचालकाने आक्षेप घेतला तर त्यापुढे ठेवायला हातात काहीच उरत नाही. जाणता शॉपर लिहितो, ‘मी दोनशे रुपयांचे पेट्रोल मागितले. कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाठ असतानाच नोझल टाकीत घातले. शून्य पाहण्यास त्याने सांगितले नाही, बोटानेही दाखवले नाही. मी मीटरकडे पाहिले तेव्हा त्यावर बारा रुपये झालेले होते.’ यात राग नाही आणि शेराही नाही, तरीही सगळे कळते. वेळेच्या बाबतीतही तसेच. खाद्यपदार्थांच्या दुकानात ऑर्डर 7.45 ला दिली असे तू लिहिलेस आणि बिलावर छापलेली वेळ 7.38 निघाली, तर बाकीचा अहवाल कितीही उत्तम असला तरी तो परत येतो. काही वेळा फी आणि खर्चाचा परतावा दोन्ही बुडतात. ही शिस्त कोणताही वर्ग तुझ्या अंगी बाणवू शकणार नाही. ती दुकानात उभे राहून, घड्याळाकडे चोरून पाहत आणि बाहेर पडल्याबरोबर जिन्यावर किंवा रिक्षात बसून टिपणे काढतच येते.

पैशाचा हिशेबही डोळ्यांसमोर असू दे. सुरुवातीच्या कामांची फी थोडी असते, तिच्यात प्रवास आणि अहवाल लिहिण्याचे तास मोजले तर ती आणखी थोडी वाटते, आणि पैसे हाती येईपर्यंत बहुधा महिना-दीड महिना उलटतो. अशा कमाईतून भरमसाट शुल्क वसूल व्हायला किती फेऱ्या माराव्या लागतील, हे तूच कागदावर मांडून पाहा.

फसवणुकीबद्दल थोडे अधिक कठोरपणे लिहावे लागते. अमेरिकेत मिस्ट्री शॉपिंगचे काम म्हणून टपालाने धनादेश येतो, तो बँकेत भरून त्यातून गिफ्ट कार्डे घ्यायला आणि त्यांचे क्रमांक कळवायला सांगतात. काही दिवसांनी धनादेश खोटा ठरतो आणि रक्कम खातेदाराच्या माथी बसते. आपल्याकडे हाच प्रकार व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर ‘टास्क’ या नावाने चालतो. आधी हॉटेलांना ताऱ्यांचे मानांकन देण्यासाठी थोडे पैसे खरोखरच खात्यात जमा होतात, मग मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम भरायला लावतात, आणि ती कधीच परत येत नाही. तुझ्या ओळखीत कोणी यात अडकले असेल तर शरमेने गप्प बसू न देता त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लाव, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

तुझ्या ताईनेही अमेरिकेतून हेच विचारल्याचे तू लिहिले आहेस. ती एच-4 व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्या नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, असेल, तर प्रमाणपत्राचा विचार नंतर; आधी तिच्याकडे काम करण्याचा परवाना हवा. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून केलेली मिस्ट्री शॉपिंगही नोकरीइतकीच कामात मोडते. शिवाय नेवाडासारख्या राज्यात हे काम खासगी तपासाच्या परवान्याच्या कक्षेत येते. तिथे सरकारी अट पूर्ण करावीच लागते, आणि तिची जागा कोणतेही रौप्य वा सुवर्ण प्रमाणपत्र घेऊ शकत नाही.

संघटनेचे प्रमाणपत्र घ्यावे असे मी तुला केव्हा सांगेन? सात-आठ महिने नियमित काम झालेले असेल, गुण सातत्याने चांगले असतील, आणि बँक, मोटारविक्री किंवा छुप्या कॅमेऱ्याने चित्रीकरण अशा जास्त फीच्या कामांकडे वळायचे असेल तेव्हा. त्या वेळीही संघटनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच जा, मधल्या कोणाकडून नको, आणि शुल्क तुझ्या एक-दोन कामांच्या फीइतकेच असेल तरच भर.

तोवर या रविवारी तुझ्या नेहमीच्या किराणा दुकानात जा आणि कोणी सांगितले आहे असे समजून त्या भेटीचा अहवाल लिही: आत शिरल्याची वेळ, कोण पहिले बोलले, काय बोलले, बिलावरची वेळ. खऱ्या कामाचा अहवाल गोपनीय असल्यामुळे तो मला कधीही दाखवू नकोस, पण हा सरावाचा अहवाल अवश्य पाठव. दोन पानांच्या आत बसव आणि त्यात ‘छान’, ‘वाईट’ व ‘उद्धट’ हे तीन शब्द येऊ देऊ नकोस. मी तो एडिटरच्या नजरेने तपासून, शेरे मारून परत पाठवीन.

कळावे, लोभ असावा.