हृदयात गोठवण : कितपत निर्धोक?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६७ असून त्यांना मधुमेह आहे. गेल्या दीड वर्षापासून त्यांचे ठोके अधूनमधून एकाएकी अनियमित होतात आणि जिना चढतानाही दम लागतो. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) निघाले. गोळ्यांचा उपयोग होत नसल्याने डॉक्टरांनी क्रायोबलून ॲब्लेशन, म्हणजे थंड फुग्याने हृदयातील दोषी ऊती गोठवून निकामी करणे, सुचवले आहे. उणे पन्नास अंशांचा फुगा हृदयात नेतात, हे ऐकल्यापासून आईने धसका घेतला आहे. उलट रामबागेतले आमचे एक नातेवाईक म्हणतात की जोखीम त्याच ऊती उष्णतेने जाळण्याच्या पद्धतीत असते, गोठवण्यात काहीच नसते. खरे काय समजावे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : डिसेंबरात पारा सात-आठ अंशांवर उतरला की आपण इंदूरकर मफलर शोधू लागतो, तेव्हा उणे पन्नासच्या आकड्याने आईंना धडकी भरावी यात नवल नाही. परंतु गोठते ते हृदय नव्हे. अनियमित ठोक्यांची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिले. जांघेतील शिरेतून नळी नेऊन सुमारे २८ मिलिमीटरचा फुगा त्या तोंडाशी टेकवतात व आत नायट्रस ऑक्साइड सोडतात. त्याची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि फुग्याला चिकटलेली ऊतींची कडा तीन-चार मिनिटांत गोठते, म्हणजे ती ठिणगी पुढे हृदयात पोचत नाही. वायू नळीतूनच परत ओढून घेतला जातो, फुग्याला दुहेरी आवरण असते, आणि उरलेल्या हृदयात रक्त वाहतेच असल्याने ते उबदार राहते.

खरी काळजी आहे ती शेजाऱ्यांची. उजवीकडच्या शिरांना अगदी खेटून फ्रेनिक नस जाते, जी श्वासपटल हलवते. म्हणून त्या बाजूला गोठवताना दुसऱ्या तारेतून विजेचे हलके स्पंद देऊन ही नस सतत चाळवत ठेवतात आणि एक जण रुग्णाच्या उजव्या बरगड्यांखाली तळहात टेकवून उभा राहतो. प्रत्येक स्पंदाला उचकीसारखा धक्का हाताला लागतो. तो जरा जरी मंदावला तरी गोठवणे तत्क्षणी थांबवतात. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत भरवसा अखेर तळहातावर ठेवला जातो, याची मला नेहमीच गंमत वाटते.

आता आपल्या नातेवाइकांच्या मताविषयी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'फायर अँड आइस' या युरोपीय चाचणीत ७६२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. गंभीर प्रतिकूल घटना गोठवलेल्यांत १०.२ टक्के, तर जाळलेल्यांत १२.८ टक्के होत्या, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक नव्हता. फ्रेनिक नसेला इजा मात्र गोठवण्याच्या गटात अधिक होती : घरी जाताना २.७ टक्के, वर्षअखेर ०.३ टक्के. तेव्हा 'काहीच नसते' हे म्हणणे बरोबर नाही. जोखमीची जात बदलते, इतकेच. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोष पुन्हा दिसला, हेही घरात आधीच बोलून ठेवावे.

जांघेत रक्त साकळणे ही त्यातल्या त्यात नेहमीची तक्रार. हृदयाभोवती रक्त साचणे किंवा पक्षाघात क्वचित होतो. त्यासाठीच हृदयात गुठळी नाही ना, हे आधी तपासतात.

एक गोष्ट मात्र आपण आईंनाही सांगून ठेवावी, कारण ती घरी परतल्यावर घडते. कर्णिकेच्या पाठीमागे अन्ननलिका असते. तिला इजा झाली तर काही दिवसांनी वा आठवड्यांनी दोहोंमध्ये छिद्र पडू शकते. हे अत्यंत दुर्मीळ आहे, क्रायोबलूननंतर तर आणखीच, पण झाले तर प्राणघातक ठरते. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना वेदना, छातीत दुखणे, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून तापाची गोळी आणून वाट पाहू नये. ज्यांनी उपचार केले त्यांनाच गाठावे आणि छातीचे सीटी स्कॅन करवून घ्यावे. अशा वेळी दुर्बिणीने अन्ननलिका तपासणे टाळावे, कारण आत सोडलेली हवा छिद्रातून हृदयात शिरू शकते. इतर डॉक्टरांना 'ॲब्लेशन झाले आहे' हे स्वतःहून सांगावे, विचारण्याची वाट पाहू नये.

रक्त पातळ करणारी गोळी ठोके सुधारले तरी किमान दोन महिने घ्यावी लागते. पुढचा निर्णय ठोक्यांवरून नव्हे, तर पक्षाघाताच्या जोखमीवरून होतो. वडिलांचे वय आणि मधुमेह पाहता गोळी बहुधा पुढेही चालू राहील. दोन महिने झाले म्हणून ती घरच्या घरी बंद करू नये.