आजोबांचं घर विकायचंय? आधी कागद बघा, भाव नंतर

ब्रोकरला फोन करायची घाई करू नका. आधी घर आज कोणाच्या नावावर आहे ते बघा, शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा, गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. बऱ्याचदा आजोबा जाऊन वर्षं झालेली असतात आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर, म्हणजे आधी वारस नोंद. घरपट्टीची पावती आपल्या नावावर येते म्हणून घर आपलं, हा गैरसमज लई जणांचा असतो.

मग बहिणी आणि आत्या. "तिचं लग्न झालंय, तिचा काय संबंध" हे डोक्यातून काढा, हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सगळ्यांना एकदा चहाला बसवा, तेही गिऱ्हाईक यायच्या आधी, कारण आकडा कळला की सूर बदलतात. कोणी हिस्सा सोडणार असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र, तोंडी शब्दावर नको.

हमखास होणाऱ्या चुका:
- टोकन रोख घेणं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.
- सगळे पैसे यायच्या आधी चावी देणं.
- विकायचंय म्हणून फरशी, रंग करत बसणं. जुन्या घरात घेणारा बहुतेक जागाच बघतो.

टॅक्सचं आत्ता डोक्यात घेऊ नका, फक्त सौदा ठरायच्या आधी सीएला भेटा. आणि माळ्यावरची भांडी आत्ताच वाटून टाका, भांडणं घरापेक्षा त्या तांब्याच्या बंबावरून जास्त होतात :)